संकेत आणि प्रणाली : प्रवरेच्या डाव्या कालव्यावरून

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हा श्रीरामपूर हे शहर अस्तित्वात नव्हते. प्रवरेकाठच्या बेलापूर गावासाठी, गावापासून काही अंतरावर, एक स्थानक बांधले गेले इतकेच. पुढे प्रवरेचे कालवे आले, कालव्यांमागोमाग ऊस आला, हरेगाव आणि टिळकनगरचे साखर कारखाने उभे राहिले आणि स्थानकाभोवतीच्या बाजारपेठेचे शहर झाले. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या शहराची भरभराट ज्या पाण्यावर झाली, ते पाणी मात्र दूरच्या अकोले तालुक्यातून येते. तिथे दार उघडले की इथे पाणी येते. पण किती येते, केव्हा येते आणि आल्यानंतर काय करते, या प्रश्नांची उत्तरे सोपी नाहीत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला ‘संकेत आणि प्रणाली’ नावाचा जो विषय शिकतात, त्याचे मूलभूत प्रश्न नेमके हेच आहेत. पाठ्यपुस्तके ते विद्युतमंडलांच्या आकृत्यांनी समजावतात. प्रवरेच्या डाव्या कालव्यावरून ते अधिक नीट उमगतात, कारण येथे उत्तर चुकले तर कोणाचे तरी पीक जाते.

काळाबरोबर बदलणारी आणि आपल्या बदलातून काही माहिती देणारी कोणतीही राशी म्हणजे संकेत. माणसाचा आवाज, हृदयाचा आलेख, शेअर बाजाराचा निर्देशांक हे सारे संकेत होत. त्याचप्रमाणे कालव्याच्या मोजपट्टीवरील पाण्याची उंची हाही संकेतच. एक संकेत घेऊन त्याच्या बदल्यात दुसरा संकेत देणारी व्यवस्था म्हणजे प्रणाली. घेतलेल्या संकेताला आदान आणि दिलेल्याला प्रदान म्हणावे. १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले, सुमारे अकरा टीएमसी क्षमतेचे भंडारदरा धरण, त्याच्या खालचे सुमारे सव्वाआठ टीएमसीचे निळवंडे, तेथून नदीपात्र, संगमनेर तालुक्यातील ओझरचा बंधारा, बंधाऱ्यापासून निघणारा सत्तर किलोमीटरहून लांब डावा कालवा, त्याच्या चाऱ्या आणि पोटचाऱ्या ही सारी मिळून एक प्रणाली होते. ओझरला कालव्यात सोडलेले क्युसेक हे तिचे आदान, आणि श्रीरामपूर तालुक्यातील टेलच्या शेतकऱ्याच्या चारीला लागलेले पाणी हे तिचे प्रदान.

गणिताला संकेतांची गर्दी नको असते. मोजकेच साधे संकेत नीट समजले की बाकीचे त्यांच्यातून जुळवता येतात, ही या विषयाची मूळ युक्ती आहे. त्यांतला सर्वांत साधा तो पायरी संकेत. एका क्षणापर्यंत शून्य आणि त्या क्षणानंतर कायम एक, असे त्याचे रूप असते. आवर्तन सुरू करताना ओझरचे दार उघडून विसर्ग स्थिर ठेवला की कालव्याला पायरी संकेत दिल्यासारखेच होते. इंग्रज विद्युतशास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारायंत्राच्या तारांचा अभ्यास करताना हा संकेत रूढ केला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरा आवेग संकेत. तो जवळजवळ शून्य काळ टिकतो, पण त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ मात्र एक भरते. असे काही निसर्गात तंतोतंत असू शकत नाही. तरीही पॉल डिरॅक यांनी पुंजयांत्रिकीत त्याचा सर्रास वापर केला आणि गणितज्ञांनी पुढे त्याला रीतसर आधार मिळवून दिला. घाटमाथ्यावर तासाभरात कोसळलेला पाऊस हा आवेगाच्या बराच जवळ जातो. तिसरा चढ संकेत, म्हणजे ठरावीक गतीने वाढतच जाणारा. या तिघांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे : पायरीची बेरीज करीत गेले की चढ मिळतो आणि पायरीतला बदल पाहिला की आवेग मिळतो. याखेरीज घातांकी संकेत आणि ज्यावक्राचे आवर्ती संकेत आहेत. सम-विषम, आवर्ती-अनावर्ती अशी वर्गवारीही पाठ्यपुस्तके करतात, पण ती परीक्षेसाठी वाचली तरी चालते.

एक वर्गवारी मात्र कामाची आहे. कालव्यातील पाण्याची उंची अखंड बदलत असते; तिची नोंद ठरावीक वेळांनाच होते. पहिला संकेत अखंड, दुसरा विविक्त. समजा, एखाद्या ठिकाणी मोजपट्टी रोज सकाळी आठ वाजता एकदाच वाचली जाते. त्याच्या वरच्या भागात रोज रात्री चोरून पाणी उपसले जात असेल आणि पहाटेपर्यंत पातळी पूर्ववत होत असेल, तर वहीत महिनाभर एकच आकडा दिसेल. चोवीस तासांचे चक्र चोवीस तासांनी एकदा पाहिले तर ते चक्र दिसतच नाही. एखाद्या लहरीला ओळखायचे तर तिच्या एका आवर्तनकाळात दोनांहून अधिक नोंदी हव्यात, हा नमुना-सिद्धांत नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावांशी जोडला जातो. दूरध्वनी आणि ध्वनिमुद्रिका त्याच्यावर चालतात. कालव्याच्या नोंदवहीलाही तो तितकाच लागू आहे.

आता प्रणालींचे गुणधर्म. पहिला स्मृती. ज्या प्रणालीचे आत्ताचे प्रदान केवळ आत्ताच्या आदानावर अवलंबून असते, ती स्मृतिहीन. विजेचा साधा रोधक तसा असतो. कालवा तसा नाही. टेलला या क्षणी जे पाणी आहे ते ओझरहून काल निघालेले आहे. कालव्यात पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटर धरला, तर वाहत्या कालव्यातील वाढीची लाट त्याच्या साधारण पाच-तृतीयांश, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने पुढे सरकते. सत्तर किलोमीटरला तिला साडेएकोणीस तास लागतील. कालवा कोरडा असेल तर त्याहून कितीतरी अधिक, कारण आधी तळ आणि काठ पाणी पितात. शिवाय लाट पोहोचली तरी पातळी एकदम चढत नाही. प्रारंभी भरभर आणि मग सावकाश अशी ती चढते. साध्या नमुन्यात एका ‘कालस्थिरांका’इतका वेळ गेला की अंतिम बदलाचा ६३ टक्के भाग पूर्ण होतो, दोन गेले की ८६ आणि तीन गेले की ९५ टक्के.

दुसरा गुणधर्म कार्यकारणभावाचा. ज्या प्रणालीचे प्रदान भावी आदानावर अवलंबून नसते ती कार्यकारणबद्ध. खरीखुरी, वाहत्या काळात चालणारी प्रत्येक प्रणाली अशी असतेच. आधीच मुद्रित झालेल्या आवाजावर संस्कार करताना मात्र पुढचा भाग हाताशी असल्याने हे बंधन पाळावे लागत नाही. कालव्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, पिकाला पाणी हवे त्या दिवशी दार उघडून उपयोग नाही. भविष्य प्रणालीला कळत नाही, म्हणून ते तिला माणसांनी आधी सांगावे लागते. शेतकऱ्यांकडून सात नंबरच्या नमुन्यावर पाणीमागणी अर्ज अगोदर भरून घेणे, कालवा सल्लागार समितीने रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांच्या तारखा आधीच ठरविणे, ही केवळ सरकारी रीत नाही. कार्यकारणभावाने लादलेला तो विलंब भरून काढण्याचा प्रयत्न आहे. दार उघडल्यानंतर पाऊस पडला तर वाटेत असलेले पाणी परत बोलावता येत नाही. अशा अतिरिक्त पाण्याला शेवटी एखादा तलाव असला की फार उपयोग होतो. टाकळीभानचा टेल टँक हे काम करू शकतो, आणि श्रीरामपूर नगरपालिकाही आवर्तनाच्या पाण्यावर आपला साठा भरून घेऊन पुढचे दिवस काढते. साठवण म्हणजे आदानाची बेरीज करणारी प्रणाली होय. कधी भरपूर तर कधी शून्य असे पाणी घेऊन ती नळाला रोज थोडे थोडे देते.

तिसरा गुणधर्म एकघातीपणाचा, आणि येथे थोडे थांबायला हवे. आदान दुप्पट केले तर प्रदान दुप्पट, आणि दोन आदानांची बेरीज दिली तर दोन प्रदानांची बेरीज, या दोन अटी पाळणारी प्रणाली एकघाती. या विषयातील बहुतेक सारी ताकद या एका गृहीतकातून येते. प्रणाली एकघाती असेल आणि तिचे वागणे काळाबरोबर बदलत नसेल, तर तिला एकच आवेग देऊन तिचा प्रतिसाद टिपून ठेवावा. पुढे कोणत्याही आदानाला ती काय करील हे कागदावर काढता येते. अमेरिकन अभियंता एल. के. शेरमन यांनी १९३२ साली नद्यांसाठी हीच कल्पना मांडली. पाणलोट क्षेत्रावर ठरावीक काळ पडून वाहून गेलेल्या एक एकक पावसाने नदीचा विसर्ग तासागणिक कसा चढतो-उतरतो, हा ‘एकक जलालेख’ एकदा काढला की मोठ्या वादळाचा पूर बेरजेने मिळतो. धरणांच्या सांडव्यांची आखणी करताना आजही ही पद्धत वापरतात.

पण कालवा एकघाती नाही. त्याची पहिली साक्ष कोरडे पात्र देते. समजा, प्रत्येक वेळी पाणी सोडल्यावर पात्र भिजविण्यात २० एकके खर्ची पडतात. मग १०० सोडले तर ८० पोहोचतील, आणि २०० सोडले तर १६० नव्हे, १८० पोहोचतील. येथे एक गंमत आहे. ‘प्रदान बरोबर आदान वजा वीस’ याचा आलेख सरळ रेषा असतो, तरीही ही प्रणाली एकघाती नाही, कारण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. परीक्षेत हमखास चुकणारा हा प्रश्न गोदावरी खोऱ्यात न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाच्या मुळाशी कुठेतरी आहे. जायकवाडीच्या जलाशयासाठी नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाने दिले. २०२३ साली त्या सूत्रानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला. अशा वेळी वरच्या भागातून ‘निम्मे वाटेतच मुरते’ आणि खालच्या भागातून ‘तितके मुरत नाही’ असे दावे होतात. वाटेतील घट ही सोडलेल्या पाण्याची ठरावीक टक्केवारी नसते. तेच पाणी चार हप्त्यांत सोडले तर घट अधिक, एकदम सोडले तर कमी. त्यामुळे टक्केवारीचा कोणताही एक आकडा सर्व प्रसंगांना लागू करता येत नाही.

दुसरी साक्ष अधिक गंभीर आहे. रुंद कालव्यात विसर्ग हा खोलीच्या पाच-तृतीयांश घाताप्रमाणे बदलतो. खोली दुप्पट झाली तर विसर्ग सुमारे ३.२ पट होतो. चारीला पाणी देणाऱ्या नळीतून मात्र विसर्ग पाण्याच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. याचा परिणाम ढोबळ हिशेबाने पाहू. कालव्यात १०० क्युसेक आहेत. त्यांतील ६० वरच्या चाऱ्या घेतात आणि ४० टेलला जातात. काही कारणाने कालव्याची खोली २० टक्क्यांनी घटली. कालव्यातील विसर्ग ६९ वर आला. वरच्या नळ्यांवरील दाबही तितकाच घटला असे धरले, तरी त्यांचा विसर्ग केवळ ११ टक्क्यांनीच कमी होतो. त्या ६० ऐवजी सुमारे ५४ घेतात. टेलला उरतात १५. म्हणजे कालव्यात तूट ३१ टक्क्यांची, वरच्यांच्या वाट्याला ११ टक्क्यांची आणि टेलच्या वाट्याला ६० टक्क्यांहून अधिक. येथे कोणी चोरी केलेली नाही, कोणी दार चुकीचे उघडलेले नाही. सर्वांनी नियम पाळूनही प्रणालीच्या वक्र स्वभावामुळे तूट टोकाला साचते. टेलच्या तक्रारींत भ्रष्टाचाराचा आणि दांडगाईचा भाग असतो हे खरेच. पण सारा दोष माणसांवर टाकला की नळ्यांची रचना बदलण्याचा विचार मागे पडतो.

चौथा गुणधर्म कालनिरपेक्षतेचा. आज दिलेले आदान महिन्याने दिले तर प्रदानही महिन्याने, पण अगदी तसेच मिळाले पाहिजे, अशी ही अट. डिसेंबरात आणि एप्रिलात दार सारखेच उघडले तरी टेलला सारखे पाणी येत नाही. ऊन वाढलेले असते, गाळ साचलेला असतो, पाणकणीस माजलेले असते. मोजपट्टीवरील उंचीवरून विसर्ग सांगणारा तक्ता एकदा तयार होतो आणि वर्षानुवर्षे चालतो. तो तक्ता म्हणजे कालनिरपेक्षतेचे न तपासलेले गृहीतकच. शतकभर जुन्या कालव्यात ते किती खरे असेल याचा विचार व्हायला हवा. आणि कधी कधी प्रणालीचीच व्याख्या बदलते. ऑक्टोबर २०२३ मध्ये निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. त्याच खोऱ्यातील पाण्याला नवी वाट मिळाली. जुन्या आवर्तनांचे अनुभव आता जसेच्या तसे वापरता येणार नाहीत.

राहता राहिले स्थैर्य. मर्यादित आदानाला मर्यादितच प्रदान देणारी प्रणाली स्थिर समजली जाते. केवळ बेरीज करणारी, कुठेही गळती नसलेली साठवण या व्याख्येनुसार अस्थिर ठरते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण तिला लहानशी स्थिर पायरी दिली तरी प्रदान म्हणून चढ मिळतो, आणि चढाला मर्यादा नाही. दक्षिण महाराष्ट्राच्या आणि नगरच्या कालव्यांखालील काळ्या जमिनींत नेमके हेच घडले. कालव्यातून आणि उसाच्या शेतांतून रोज थोडे पाणी खाली मुरते. निचरा नसेल तर भूजलाची पातळी चढतच जाते. ती वर्षाला ३० सेंटिमीटर चढते आणि आरंभी नऊ मीटर खोल होती असे मानले, तर पंचवीस वर्षांत ती जमिनीखाली दीड मीटरवर येते. त्यानंतर केशाकर्षणाने पाणी वर येऊन वाफ होते आणि क्षार मागे राहतात. जमीन चोपण होते, पांढरी पडते. या पंचवीस वर्षांत शेतकऱ्याला काहीच दिसत नाही, उलट विहिरींना पाणी वाढल्याचा आनंद असतो.

हे संकट नवे नाही. १९१६ साली मुंबई सरकारने विशेष सिंचन विभाग स्थापन केला. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढले. तेथे क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला. उपाय गणितात स्पष्ट आहे : साठवणीला गळती द्यावी. पातळी जितकी वर, तितका निचरा अधिक, अशी व्यवस्था झाली की चढ आपोआप वाकतो आणि एका उंचीवर थांबतो. अस्थिर प्रणाली स्थिर होते. भूमिगत निचऱ्याच्या नळ्या, उघडे चर, विहिरींचा उपसा हे सारे त्या गळतीचेच प्रकार. दुर्दैवाने कालवा बांधताना आदानाचा खर्च मंजूर होतो, गळतीचा होत नाही.

स्थैर्याचा आणखी एक धोका विलंबातून येतो. टेलला पाणी कमी पडले म्हणून ओरड झाली, दार वाढविले. परिणाम दिसायला वीस तास. तोवर ओरड चालूच, म्हणून दार आणखी वाढविले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाढी पोहोचतात, चाऱ्या फुटू लागतात, मग दार एकदम कमी केले जाते. पुन्हा टंचाई. आदान वरखाली, प्रदान त्याहून अधिक वरखाली. विलंब मोठा असेल तर दुरुस्ती लहान असावी आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत हात आवरावा, हे नियंत्रणशास्त्राचे सांगणे येथे शब्दशः लागू पडते. जिथे विलंब नाही तिथे हे काम यंत्रही करते. पाणी चढले की स्वतःहून उघडणारी आणि उतरले की मिटणारी दारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या तलावावर बसविली, ती याच तत्त्वावर.

शेवटचा गुणधर्म उलटसुलटपणाचा, म्हणजे प्रदान पाहून आदान ओळखता येते का, हा. निव्वळ विलंब करणारी प्रणाली उलटविता येते : आज जे आले ते काल निघाले होते. संख्येचा वर्ग करणारी प्रणाली उलटविता येत नाही, कारण नऊ पाहून मूळ संख्या तीन होती की उणे तीन हे सांगता येत नाही. कालवा दुसऱ्या प्रकारात मोडतो. टेलला पाणी आले नाही एवढ्यावरून ते ओझरहून कमी निघाले, वाटेत मुरले, की वरच्या चारीने अधिक घेतले हे ठरविता येत नाही. तीन वेगळ्या कारणांना प्रदान एकच, शून्य. मोर्चा निघाल्यावर अधिकारी एक कारण सांगतात, शेतकरी दुसरे, आणि दोघांनाही आपले सिद्ध करता येत नाही. त्यासाठी प्रणालीच्या दोन टोकांखेरीज मध्येही मोजावे लागते. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली केलेल्या कायद्यात पाणीवापर संस्थेला चारीच्या मुखाशी घनमापाने मोजून पाणी देण्याची तरतूद आहे. ज्या चाऱ्यांवर ती मोजणी दिवसातून अनेक वेळा आणि उघडपणे होते, तेथे तीन कारणांपैकी खरे कोणते हे वहीतून काढता येते.